उट्टं

नर्स पुरवणाऱ्या ब्युरोतून फोन आला तेव्हा प्रीतीने पत्ता पुन्हा विचारून घेतला. डोंबिवलीतली तीच सोसायटी. तळमजला, सुधीर प्रधान. बायको सुमती अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखम पडलेली. रोज सकाळी ड्रेसिंग हवं होतं. आधीच्या नर्सेस सोडून गेल्या होत्या.

"जाते मी, हॉस्पिटलच्या ड्युटीआधी," प्रीती म्हणाली. तिला आतून गुदगुल्या झाल्या.

कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यात ती त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायची. शहाडच्या चाळीत दम्याने आजारी वडील, त्यामुळे कोविड वॉर्डातून घरी जायची सोय नव्हती. एका दुपारी डबल ड्युटी करून आली तर तिचं सगळं सामान गोण्यांत भरून खाली मीटरपाशी टाकलेलं. चेअरमन प्रधान झाडांना औषध मारायचा पंप घेऊन उभा होता. "तिथेच थांब," म्हणाला आणि त्याने तिच्या अंगावर जंतुनाशक फवारलं. डोळ्यांची आग होत असताना तिला खिडकीत सुमती दिसली. सुमतीने सगळं पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

त्या दिवशी प्रीतीला आसरा दिला भगवंतीआंटीने. विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहणारी ही सिंधी म्हातारी आदल्या वर्षी खुबा मोडून प्रीतीच्या वॉर्डात होती. प्रीतीने फोनवर चाचरत विचारलं, तर आंटी म्हणाली, "पूछती क्या है? आ जा." माडीवरची खोली मिळाली, दाराशी रोज झाकलेलं ताट यायचं. प्रीती अजून तिथेच राहते.

प्रधानने तिला ओळखलं नाही. तेव्हा तोंडावर कायम मास्क असायचा, आणि त्याच्या लेखी ती फक्त 'ती नर्स' होती. आता तो ड्रेसिंगच्या वेळी टॉर्च धरून उभा राहायचा. प्रीती जखम सलाईनने धुवायची, मेलेली कातडी हलक्या हाताने काढायची, सुमतीची कूस बदलायची. सुमतीला धड बोलता येत नव्हतं, पण ती कण्हायची थांबली होती.

"तुमचा हात फार हलका आहे हो, सिस्टर," प्रधान एकदा म्हणाला. प्रीतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी आंटी पालक निवडत बसली होती. प्रीतीने तिला बेत सांगितला. "जखम भरत आलीय. आता सांगते मी कोण ते, आणि तसंच टाकून निघून येते. बसू दे शोधत दुसरी."

"मिळेल त्याला दुसरी," आंटी म्हणाली. "मैं बताऊं, तुला घरात का घेतलं?"

"दया आली असेल."

"दया कसली, गुस्सा आला. माझी आई सिंधमधून आली तेव्हा मी पोटात. कॅम्पात पाणी नव्हतं. एका घरी मागायला गेली, त्या बाईने दार लावलं. आई मरेपर्यंत ते दार विसरली नाही. आता माझ्या दारात कोण पण आलं ना, मी त्या बाईच्या नाकावर टिच्चून उघडते. ती कधीच मेली असेल. तरी उघडते." आंटीने देठं बाजूला केली. "तू निघून आलीस तर त्याचं काय बिघडेल? रोज डोळ्यांसमोर दिसेल असं काहीतरी कर."

दुसऱ्या दिवशी पट्टी बांधून झाल्यावर प्रीतीने ओढणी मास्कसारखी नाकातोंडावर धरली आणि विचारलं, "काका, पंप आहे का अजून?"

प्रधानला समजायला वेळ लागला. मग तो खुर्चीत बसला. "तेव्हा सगळेच घाबरलेले होते," तो म्हणाला. "मी काही एकट्याने ठरवलं नव्हतं."

"फवारलं एकट्याने." प्रीतीचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा आहे. मालक परदेशात, किल्ली तुमच्याकडे, भाडेकरू तुम्ही ठरवता. आमच्या हॉस्पिटलच्या दोन मुली खोली शोधतायत. लिन्सी केरळची, नाझनीन भिवंडीची. सगळीकडून नकार मिळालाय. रविवारी त्या येतील. त्यांच्या बॅगा वर तुम्ही न्यायच्या. सगळ्यांच्या देखत."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर उद्यापासून ड्रेसिंग तुम्ही करा."

"ही जबरदस्ती आहे."

"हो."

काल काहीही म्हणाली असली तरी ती सुमतीला तसं सोडून गेली नसती. हे तिला माहीत होतं, त्याला नव्हतं. पलंगावरून सुमती घशातून काहीतरी म्हणाली, चांगल्या हाताने तिने नवऱ्याचा सदरा ओढला. प्रधानने मान खाली घातली.

रविवारी तो बॅग घेऊन जिना चढला. गॅलरीतून लोक बघत होते, प्रत्येक वळणावर तो धापा टाकत थांबत होता. प्रीती मागून शांतपणे चढत होती. तिला मजा आली, आणि ती तिने लपवली नाही.

सुमतीची जखम भरली, प्रीतीचं जाणं बंद झालं. सणाच्या दिवशी मुलींना भेटायला गेली तर त्या वर नव्हत्या. खाली नाझनीन सुमतीला मऊभात भरवत होती आणि लिन्सीच्या वडिलांच्या ऑपरेशनबद्दल प्रधान काळजीने विचारत होता. प्रीतीला संताप आला. तो जळायला हवा होता, आणि इथे त्याचं घर भरलं होतं.

"बस ना, चहा घे," तो म्हणाला.

"नको," म्हणत ती निघून आली.

महिन्याभराने त्याचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी होत होती, कोणा मुलीला हवी आहे का, विचारत होता.

प्रीतीने त्याला माफ केलं नव्हतं, करणारही नव्हती.

"आहे एक," ती म्हणाली. "मणिपूरची."

"पाठव."

तिने आभार मानले नाहीत. फोन ठेवला आणि त्या मुलीला शोधायला वॉर्डात गेली.