दुसऱ्या चालीचा उंट

जिल्हा झाल्यापासून पांढुर्ण्याला सगळंच स्वतःचं लागतं, बुद्धिबळाची स्पर्धासुद्धा. बायकांचा वेगळा गट काढायला चौघी हव्या होत्या, आम्ही तिघीच निघालो. म्हणून मी पुरुषांतच खेळले आणि शेवटच्या डावाला समोर कोण, तर आमचेच हे, सुरेशराव. जिंकेल तो भोपाळला राज्यस्पर्धेला जाणार होता.

घरी बावीस वर्षं हेच जिंकत आलेत. डाव रंगात आला की म्हणणार, "चहा मांड ना." मी चहा घेऊन येईपर्यंत माझा डाव बसलेला. "तुले शेवटी सांभाळता येत नाही," असं हे समजावायचे आणि मी मूर्खासारखी मान हलवायची. लोधीखेड्याला माझ्या माहेरीही यांनी हेच सांगून ठेवलंय.

घरी पांढरी कायम यांचीच. आज चिठ्ठीत मला आली. मी वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं.

"हे काय करून राहिली?" हे हसले. "मधलं प्यादं चालव ना. लोक पाहून राहिले."

पंच अभिजीत सरांनी यांना गप्प केलं. दुसऱ्या चालीला मी त्या प्याद्याच्या रिकाम्या घरात उंट बसवला. हे पटाच्या मधोमधच बघतात, मला ठाऊक होतं. कडेला काय चाललंय ते यांना घरातही दिसत नाही.

विसाव्या चालीला यांना घाम फुटला. सवयीनं तोंडातून निघालंच, "जयश्री, चहा मांड ना."

अख्खा हॉल हसला. सरांनी ताकीद दिली. मग हे स्वतःच उठले, कोपऱ्यातल्या टेबलावरून चहा घेऊन आले आणि पट बघून ओरडले.

"सर! हा उंट इथं नव्हता! माह्या हत्तीवर नेम धरून राहिला. मी चहाले गेलो तं हिनं सरकवला!"

मला बावीस वर्षांचे सगळे चहा आठवले.

"चहाला गेलं की सोंगट्या सरकतात," मी म्हटलं, "हे तुम्हाला कसं सुचलं हो?"

दोघांच्याही चाली खेळता खेळता कागदावर लिहाव्या लागतात; सरांनी यांच्याच पुढचा तो कागद उचलून दाखवला. दुसरी चाल, उंट, यांच्याच अक्षरात.

माझ्या चालीला त्याच उंटानं मी यांचा हत्ती मारला. पुढं दहा चालींत यांचा राजा अडकला.

घरी पोचताच हे न सांगता स्वयंपाकघरात गेले. आतून भांड्यांचा आवाज आला.

"भोपाळले मी येऊ का संगं?"

"नको," मी म्हटलं. "मी खरंच कशी खेळते, ते एकदा बघायचंय मला."