कपाळाला मोबाइल

मोठ्या व्याख्यानगृहात एकशे चाळीस मुलं डोळे मिटून, कपाळाला मोबाइल लावून बसली होती. दारात इतर विभागांचे प्राध्यापक टाचा उंचावून उभे. व्यासपीठावर निळ्या कोटातला लहरतज्ज्ञ हात पसरून बोलत होता.

"सात सेकंद! श्वास सोडा. मेंदूतली समज लहरींमधून मोबाइलमधल्या माझ्या अॅपमध्ये उतरते आहे. उतरली... उतरली!"

पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे आकडा उमटला. नव्वद, चौऱ्याण्णव, अठ्ठ्याऐंशी. विभागप्रमुखांना भरून आलं. सकाळी नऊचा हा तास त्यांचाच होता.

"माणूस खोटं बोलतो, मोबाइल बोलत नाही," लहरतज्ज्ञ म्हणाला, आणि टाळ्यांसाठी थांबला.

शरीरशास्त्राच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा तास दुपारी चारचा, आणि तिथली सरासरी समज महिनाभर अठराच्या वर सरकली नव्हती.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," प्रमुख म्हणाले, "पण सोमवारपासून तुमचा तास बंद. मुलं व्हिडिओ बघतील. बावीस वर्षं शिकवलंत, आता जरा निवांत बसा."

"सर, दुपारचे सगळेच तास नापास झालेत."

"तेच तर! ज्ञान सूर्याबरोबर कलतं. शोधनिबंध लिहितोय मी त्यावर."

दुपारी चारला बाई आपल्या वर्गात गेल्या. एकीने कपाळावरची बट कापली होती, समज अडकू नये म्हणून. एकजण कपाळ साबणाने घासून आला होता. पडद्यावरचे आकडे तरीही मरगळलेलेच: चौदा, नऊ, बावीस. मध्येच एक सत्त्याण्णव.

सत्त्याण्णववाला शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून झोपला होता. वर्ग त्याला गादी म्हणायचा.

"गादी, ऊठ. हृदयाला कप्पे किती?"

"मॅडम, घरी विचारून सांगतो."

वर्ग खिदळला. बाई मात्र त्याच्या मोबाइलमधून निघून भिंतीतल्या प्लगमध्ये शिरलेल्या वायरीकडे बघत राहिल्या. मग पहिल्या बाकाकडे वळल्या. "तुझी समज किती गं?"

"नऊ, मॅडम." मुलगी रडायच्या बेतात होती.

"आणि बॅटरी?"

मुलीने मोबाइलकडे बघितलं. मग शेजारणीच्या मोबाइलकडे. "अगं बाई!" ती म्हणाली.

शुक्रवारी चारला बाईंनी प्रमुखांना आणि लहरतज्ज्ञाला वर्गात बोलावलं. फळ्यापाशी चाकांच्या स्टँडवर प्रयोगशाळेतला सांगाडा उभा होता. मुलं त्याला आजोबा म्हणत.

"नवा विद्यार्थी आहे," बाई म्हणाल्या, आणि पूर्ण चार्ज केलेला मोबाइल त्यांनी आजोबांच्या कपाळाला लावला. सात सेकंद. पडद्यावर शंभर.

"आजोबा पहिले आले!" गादी ओरडला. तो जागा होता.

"हाडांमध्येही सूक्ष्म स्मृती..." लहरतज्ज्ञाने सुरुवात केली.

"असेल, असेल. सर, आता तुम्ही."

प्रमुखांनी ऐटीत स्वतःचा मोबाइल कपाळाला लावला. पडद्यावर चार.

"अहो, हे काय! सकाळपासून चार्जच केला नाहीये मी तो..."

वाक्य तिथेच राहिलं. स्वतःचे शब्द त्यांना जरा उशिरा ऐकू आले.

"अर्जंट कॉल आहे," म्हणत लहरतज्ज्ञ मोबाइल कानाला लावून बाहेर पडला. मोबाइल उलटा धरला होता.

"त्याचं अॅप बॅटरीचा आकडा वाचतं, बस," बाई म्हणाल्या. "सकाळी बॅटऱ्या भरलेल्या, दुपारी रिकाम्या. कपाळ लागतच नाही. आता मोबाइल खरंच कामाला लावू. हृदयाला कप्पे किती? नाव न घालता उत्तर पाठवा."

पडद्यावर उत्तरं आली. एकतीस जणांनी 'चार' लिहिलं होतं, तेरा जणांनी 'दोन'. एकाने 'घरी विचारतोय'.

"या चौदा जणांसाठी पुन्हा शिकवते. समज अशी कळते, विचारून. आणि उद्या कुणी कसलाही आकडा तोंडावर फेकला, तर आधी विचारा: हा काढला कसा? हे विचारायला चार्जर लागत नाही."

"सर, सोमवारी तास आहे ना?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

प्रमुखांनी रुमालाने कपाळ पुसलं. "आहे," ते म्हणाले, आणि आजोबांच्या शेजारची खुर्ची ओढून शिकायला बसले.