पहिली चावी

आधीच सांगून ठेवते, मला घड्याळांचा राग आहे. लग्न करून ह्या घरात आले त्या दिवसापासून आहे. लोकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा नाद असतो, बाटलीचा असतो. आमच्या ह्यांना घड्याळांचा. तीही जुनी, महागडी, दुसऱ्या कुणाच्या तरी मनगटावरून उतरलेली. लिलावात बोली लावून आणायची, डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास न्याहाळायची, आणि रविवारी सकाळी कपाटातल्या मखमली कप्प्यांतून एकेक काढून चावी द्यायची. इतक्या सवती एका कपाटात नांदवणारी दुसरी बाई दाखवा मला!

"झालं का सगळ्यांचं पोट भरून?" मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

"झालं. आता माझंच तेवढं राहिलंय, चहा टाक," हे तिकडून.

आता तेच कपाट मी विकायला काढलं होतं. हौसेनं नाही. ह्यांना विसरण्याचा आजार झाला. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ते, मग माझं नाव, आणि शेवटी मलाच. "बाई, तुम्ही माझं फार करता, पण आमची ही कुठे गेलीय?" असं मलाच विचारतात. सुरुवातीला मी भांडायची, "अहो, मीच ती, डोळे फुटले का?" मग त्यांचा चेहरा इतका घाबराघुबरा व्हायचा की मी ते सोडून दिलं. येईल हो, बाजारात गेलीय, असं म्हणते.

गेल्या हिवाळ्यात हे अंघोळ करताना पडले. उचलायला गेले तर मीही त्यांच्याशेजारी बसले ती बसलेच. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेत. अशा माणसांना सांभाळणारं एक घर आहे, बागेला लागून, स्वच्छ. तिथल्या बायका वस्‌कन अंगावर येत नाहीत, माझ्यासारख्या. तिथे एक खोली रिकामी झाली होती. लिलावाच्या पैशांतून ती खोली मिळणार होती, आणि लिलावातलं सगळं एका घड्याळावर अवलंबून होतं. बाकीची सगळी मिळून जेवढ्याला जाणार नाहीत, तेवढ्याला ते एकटं जाणार होतं. ते विकलं गेलं नाही, तर खोली दुसऱ्या कुणाला जाणार.

लिलावघरातली मुलगी घरी येऊन सगळी घड्याळं बघून गेली होती. गोड पोरगी, पण जीभ माझ्यासारखीच. भाजी निवडावी तशी निवडत बसली. ह्याची तबकडी बदललीय. ह्याला कुणीतरी इतकं चकाकवलंय की कडाच उरल्या नाहीत. ह्याचा एक काटा दुसऱ्याच घड्याळाचा. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. शेवटी तिनं सगळ्यात खालच्या कप्प्यातली डबी उघडली आणि हात मागे घेतला.

"काकू, हे कुणी घातलंच नाही?"

कागदाचा चिमुकला बिल्ला अजून दोऱ्याला लटकत होता. पट्ट्याला एक घडी नाही, मागच्या झाकणावर एक ओरखडा नाही.

"चावीसुद्धा दिलेली दिसत नाही," ती म्हणाली. "असं घड्याळ मी आजवर फक्त चित्रात पाहिलंय. काका मोठे जाणकार हो. बरोबर कळलं त्यांना, हात लावला नाही तरच किंमत राहते."

"कळणारच," मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण त्या पोरीला काय सांगणार?

त्या डबीला मी चांगली ओळखत होते. माझ्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी ती घरात आली. सकाळी ह्यांनी मला दवाखान्यात पोचवलं, थोडा वेळ बाहेर बसले, आणि निघून गेले. लिलावाला! परत आले ते संध्याकाळी, कोटाच्या खिशात ही डबी घेऊन. तोवर आमचं पोर जन्मून गेलंही होतं. काही तासच होतं ते. नर्स सारखी विचारत होती, बाप कुठाय, बापाला बोलवा. बाप कुठे होता? जिंकलेल्या घड्याळाचे कागद तयार होईपर्यंत खिडकीपाशी उभा होता. त्यांनी पोराला जिवंत पाहिलं नाही. हे माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले, आणि मी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. मूलही पुन्हा झालं नाही.

डबी खालच्या कप्प्यात गेली. रविवारी सगळी घड्याळं बाहेर निघायची, ते नाही. मी मनात म्हणायची, असू दे, भाव वाढवत बसलाय. पोराच्या दिवशी आणलेल्या वस्तूचासुद्धा भाव बघतो हा माणूस. इतकी वर्षं ह्यांचा डबा केला, दुखलंखुपलं पाहिलं, हसलेखिदळले, पण मनातली ती अढी तशीच राहिली.

लिलावाच्या दिवशी मी जाणार नव्हते. घरी बसून फोनची वाट बघायची असं ठरवलं होतं. पण सकाळी त्या मुलीचा फोन आला आणि मी मोठ्यानं विचारलं, "लिलाव किती वाजता सुरू होणार?" झालं! हे बिस्किटं चहात बुडवत बसले होते, ते ताडकन उठले. स्वतःचं नाव विचारलं तर विचारात पडणारा माणूस, पण कोट शोधला, बुटांवरून फडकं फिरवलं, केस विंचरले आणि दारात जाऊन उभे राहिले.

"चला बाई, उशीर झाला तर बसायला जागा मिळत नाही."

मी अडवून पाहिलं, रागावून पाहिलं, दाराला कडी लावून पाहिली. हे कडीवर थापा मारायला लागले. शेवटी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आणा हो काकू. फक्त बोली लावू देऊ नका. मालकाला स्वतःच्या मालावर बोली लावता येत नाही. तसं झालं तर आम्हाला माल बाजूला काढून परत पाठवावा लागतो." मी म्हटलं, बोली लावायची नंबराची पाटीच घेणार नाही, म्हणजे प्रश्नच मिटला.

त्या दालनात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. सवतींचं माहेर ते, मी कशाला जाईन? ओळीनं खुर्च्या, समोर मोठा पडदा, एका बाजूला फोन घेऊन बसलेली माणसं, आणि उंच टेबलामागे लिलाव पुकारणारे गृहस्थ. पांढरे केस, हातात लाकडी हातोडी. त्यांनी ह्यांना आत येताना पाहिलं आणि मान लववली. ह्यांनीही लववली. पहिल्या रांगेत दातांचे डॉक्टर बसले होते. ह्यांचे जन्माचे प्रतिस्पर्धी! ज्यावर ह्यांचा डोळा त्यावर त्यांचाही. डबीतलं घड्याळ त्या दिवशी त्यांच्याच हातून निसटलं होतं, आणि तेव्हापासून ते दर वर्षी ह्यांना विचारायचे, "विकता का?" आजार कळल्यावर मात्र घरी आले, ह्यांच्याशेजारी बसून राहिले, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. वाईट माणूस नाही.

आम्ही मागे उजव्या बाजूला बसलो. एकेक घड्याळ पडद्यावर येत होतं, हातोडी पडत होती. ज्या सवतींना मी जन्मभर शिव्या घातल्या त्या एकेक करून निघाल्या होत्या, आणि खोटं कशाला सांगू, प्रत्येकीला मी मनात 'सांभाळून जा' म्हणत होते. ह्यांना मात्र त्यातलं एकही ओळखू आलं नाही. "बरं आहे, पण कडा गेल्यात," असं माझ्या कानात सांगायचे.

मग ते घड्याळ पडद्यावर आलं. कागदाच्या बिल्ल्यासकट.

ह्यांनी माझा हात दाबला. इतक्या महिन्यांत आपण होऊन हात धरला नव्हता.

"हे. ह्याच्यासाठी आलोय मी."

"कशाला हवंय हो तुम्हाला?" मी म्हटलं. आवाज माझा नेहमीचा, खेकसल्यासारखा.

"कुणाला सांगू नका," हे कुजबुजले. "आमची ही दवाखान्यात आहे. आज आमचं बाळ होणार. मला आत सोडत नाहीत. बाहेर बसून तिचं ओरडणं ऐकवेना, म्हणून इकडे आलो. हे घड्याळ बघा, ह्याला अजून कुणीही चावी दिलेली नाही. हे बाळाचं. बाळाला हातात घेतलं की पहिली चावी द्यायची, तिच्यासमोर. तोवर नाही द्यायची. तिला घड्याळांचा राग आहे, पण हे आवडेल तिला."

अहो, इतकी वर्षं! इतकी वर्षं मी त्या खालच्या कप्प्याकडे बघून दात खात होते, आणि हा माणूस दर रविवारी तो कप्पा तसाच ठेवून उठत होता. चावी देणार कधी? ज्याला हातात घ्यायचं होतं ते हातात आलंच नव्हतं. आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. एकदा तरी विचारायचं होतं, का गेलात म्हणून. एकदा तरी ह्यांनी सांगायचं होतं.

समोर बोली चढत होती. फोनवरची माणसं गळाली, डॉक्टर एकटे उरले. हातोडी वर गेली. आणि ह्यांनी चष्मा काढून एका काडीला धरला.

"मागे, उजवीकडे. धन्यवाद," टेबलामागचे गृहस्थ सवयीनं म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाटी नव्हती, पण ह्यांची खूणच ती होती, चष्मा काढायचा. जुन्या गिऱ्हाइकांच्या अशा खुणा असतात आणि पुकारणाऱ्याला त्या पाठ असतात, हे मला कुठून माहीत असणार? दुसऱ्याच क्षणी त्या गृहस्थांना आपण काय केलं ते कळलं. ते बोलायचे थांबले. डॉक्टरांनी वळून पाहिलं. ह्यांना पाहिलं, ह्यांचा चेहरा पाहिला, आणि आपली पाटी हळूच मांडीवर पालथी ठेवली.

तो चेहरा मीही पाहत होते. तरणाताठा, हरखलेला, बाप व्हायला निघालेला. त्या दिवशी हा माणूस असा दिसत होता, आणि मी ते आज पाहत होते.

टेबलामागचे गृहस्थ माझ्याकडे बघत होते. मी गप्प बसले असते तर हातोडी ह्यांच्या नावावर पडली असती. दोन घटका आनंद, मग माल परत, खोली गेली, आणि पुढच्या वेळी हे पडले की उचलायला कोण? मी ह्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला. पदरानं काचा पुसल्या, तेवढाच वेळ. मग दोन्ही हातांनी तो त्यांच्या डोळ्यांवर नीट बसवला, आणि समोर बघून मान हलवली. नाही.

"मागची बोली माझ्याकडून चुकून धरली गेली," ते गृहस्थ म्हणाले. "आधीच्या बोलीवर, पहिल्या रांगेत." हातोडी पडली.

मला वाटलं, आता हे आकांत करतील. हात उगारतील माझ्यावर. मी मान खाली घालून बसले, उगारू देत म्हणून.

"गेलं," हे म्हणाले. आणि मग, हसून, "बरंच झालं हो."

"बरं कसं झालं?"

"जिंकलो असतो तर कागदांसाठी थांबावं लागलं असतं. फार वेळ लावतात इथे. आता लगेच निघतो. वेळेत पोचेन."

हे उठलेसुद्धा. दारापाशी डॉक्टर उभे होते. ह्यांनी त्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. "मिळालं ना शेवटी? छान. मला घाई आहे." डॉक्टर मला "वहिनी" एवढंच म्हणाले आणि त्यांनी आमच्यासाठी दार उघडून धरलं.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. पायऱ्या उतरताना ह्यांनी माझा दंड धरला, मला आधार द्यायला.

"तुम्ही कुणीकडे निघालात, बाई?"

"तुमच्याच वाटेनं. दवाखान्याकडे."

"तुमचंही कुणी आहे तिथे?"

"आहे."

"बाळंतपण? काय झालं?"

पोर कसं होतं ते मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ह्यांनाही नाही.

"मुलगा," मी म्हटलं.

"वा! कसा आहे?"

"काळंभोर जावळ आहे. मुठी अशा घट्ट आवळून ठेवतो, सोडवता सुटत नाहीत. हनुवटीला खळी आहे, बापासारखी."

ह्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला.

"आणि बापानं पाहिलं का त्याला?"

"निघालाय बघायला," मी म्हटलं. "पोचेलच आता."

"मग चला की भरभर," हे म्हणाले, आणि माझा हात धरून चालायला लागले.