इनायतभाईचा गुडघा

दुबार पेरणीनं सगळ्यांना जेरीस आणलं, त्या वर्षांत हिवरखेडचा भरवसा आभाळावर नव्हता, रेडिओवर नव्हता. इनायतुल्ला बांगडीवाल्याच्या उजव्या गुडघ्यावर होता. तो सुजून टरबुजाएवढा झाला की पाऊस ठरलेला. खोटं वाटत असेल तर तेल्हाऱ्यात विचारा. तिथून माणसं जीप करून गुडघा बघायला यायची.

गाव खूश, पण इनायतभाई रडकुंडीला. बांगड्या भरायला बाईसमोर उकिडवं बसावं लागतं, आणि गुडघा तर वाकेना. उभ्यानं भरू गेला, तर हात वर धरून गिऱ्हाइकांचे खांदे अवघडायला लागले. बाया दुसरीकडे जाऊ लागल्या.

शेवटी बायकोनं, खुर्शीदबीनं, त्याला अकोल्याला नेलं.

"सुजतो कधी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आभाळ आलं का."

"आभाळ आलं की खाता काय?"

"भजे," खुर्शीदबी बोलली. "पातेलंभर! मंग जिलबी. तसे तर रोजच खाते, पन ढग दिसले का हातच थांबत नाही."

"मग ही सूज ढगांची कमी आणि कढईची जास्त. सारखं तळलेलं, गोडधोड खाल्लं की अंगात सूज धुमसत राहते. आज गुडघा, उद्या काळीज. गोळ्या देते, पण ताट बदला."

खुर्शीदबीनं कढई माळ्यावर टाकली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. इनायतभाई आधी रुसला, मग रोडावला. पुढच्या मृगापर्यंत चक्क उकिडवा बसू लागला.

नेमकं तेव्हा आभाळ भरून आलं, आणि गुडघा गप्प! पेरावं की थांबावं? वांगी पिकवणारा उत्तमराव आलुबोंड्यांची टोपली घेऊन दारात हजर.

"भाबी, चारच खाऊ द्या त्याले. गावाचा सवाल हाये."

"अन् माह्या घरचं कोन पाह्यते? बांगड्या तुमी भरता का?"

अंगणात इनायतभाई पार्बताबाईला बांगड्या भरत होता. वास आला आणि बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अर्ध्यात अडकली.

"इकडं पाह्य ना बावा, हात मोडतं का माहा!" पार्बताबाई ओरडली.

इनायतभाईनं टोपलीवरून नजर काढून बांगडी सरकवली. "उत्तमराव, गुडघे तुमालेबी हायेत ना. तुमीच खा."

उत्तमरावाला पटलं. तिथंच बसून गावासाठी त्यानं टोपली रिकामी केली. दुपार कलली आणि तो किंचाळला, "दुखून राह्यलं! दुखून राह्यलं!"

माणसं बियाण्याच्या थैल्या घेऊन धावली.

"कोन्ता गुडघा, डावा का उजवा?"

"पोट!"

थैल्या आल्या पावली परतल्या. उत्तमरावाला उठवेना. इनायतभाई जमिनीला हात न लावता ताडकन उभा राहिला आणि त्याच्या काखेत हात घातला.


"चाला, भाऊ," तो म्हणाला. "पाऊस येईन तवा येईन. तुमाले आंदी घरी पोचवतो."