तिसावं बटण

"तोंड उघड. आ कर बघू, आऽऽ! अरे, उघड म्हणते ना!"

तिनं गोटूचे गाल दोन बोटांत धरले आणि दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तोंडात फिरवलं. गोटूला सव्वा वर्षात सहा दात आले होते. ते सहाच्या सहा त्यानं आईच्या बोटात रोवले. बोटाला लाळ लागली, पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक लागलं. बटण काही लागलं नाही.

मशीनवर बशी होती आणि बशी रिकामी होती. परवा दुकानाचा माणूस कापड टाकून गेला, तेव्हा दारातूनच म्हणाला होता, "वहिनी, दवाखान्याचे कोट आहेत. सहा कोट, कोटाला पाच, तीस बटणं मोजून दिलीत. या खेपेला वर एकही नाही बरं का, मालच तुटीचा आलाय." आज संध्याकाळी सहाला तो कोट न्यायला येणार होता. सकाळी तिनं तीसच्या तीस बटणं बशीत ओतली आणि सुई घेऊन बसली. आता पाच कोट खुर्चीवर एकावर एक पडले होते आणि मांडीवरच्या सहाव्याचं शेवटचं काज उघडं होतं. तिनं एकेक कोट पुढून मोजला. पाच, पाच, पाच, पाच, पाच. आणि हे चार. एकोणतीस.

आणि मशीनच्या पायाशी बसून गोटू मघापासून काहीतरी चघळत होता.

"खारू! इकडे ये आधी!"

सहा वर्षांच्या लेकीला घरात सगळे खारूताई म्हणत. पुढचे दोन दात मोठे, आणि सापडेल ते उशीखाली साठवायची सवय. चित्राची वही तशीच उघडी टाकून ती आली.

"तुला याच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं ना? काय खाल्लं यानं?"

"काही नाही खाल्लं."

"नीट आठवून सांग."

"नाही खाल्लं, आई. मी बघत होते. दोरा खाल्ला फक्त."

"मग बटण गेलं कुठे? पाय फुटले त्याला? लक्ष कुठे होतं तुझं?"

"इथेच होतं."

हात कधी उठला ते तिचं तिला कळलं नाही. सुईच्या नेढ्यात दोरा घालताना कधी न चुकणारी बोटं लेकीच्या गालावर उमटली. खारू रडली नाही. तिनं आईकडे बघितलं, मग गोटूकडे, मग फरशीकडे.

"खरं सांग. खाल्लं ना त्यानं?"

"हो," खारू म्हणाली. "खाल्लं."

एवढंच ऐकायचं बाकी होतं. तोवर तिच्या मनात एक बारीक आशा होती, की बटण घरंगळलं असेल, कपाटाखाली गेलं असेल. तरी तिनं मशीन ओढलं, कपाटाखाली झाडू घातला, चटई झटकली. एक मोडकी पेन्सिल निघाली, हरवलेला मोजा निघाला, दोन टाचण्या निघाल्या. नऊ वर्षं या खोलीत ती सुया-टाचण्यांत बसत आली होती, दोन मुलं याच फरशीवर रांगली होती. इतके दिवस आपण झोपत कशा होतो?

आवाज ऐकून वरच्या काकू खाली आल्या.

"अगं, एवढी काय घाबरतेस! आमच्या धाकट्यानं कपाटाची किल्ली गिळली होती. तिसऱ्या दिवशी हजर! अजून तीच लावतो आम्ही कपाटाला."

ती हसायला गेली, पण हसू ओठांपर्यंत पोचलं नाही. "काकू, किल्ली पोटात गेली. हे श्वासात गेलं असलं तर?"

काकू बोलायच्या थांबल्या, आणि काकू थांबल्या म्हणूनच तिला जास्त भीती वाटली. "तू हो पुढे," काकू म्हणाल्या. "घराचं मी बघते. चप्पल घाल, चप्पल! अनवाणी कुठे निघालीस?"

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. ती गोटूला छातीशी धरून जवळजवळ पळत होती आणि खारू तिच्या ओढणीचं टोक धरून मागे. गोटूला मजा वाटत होती. आईच्या प्रत्येक पावलाला तो "हप्प, हप्प" करत होता, आणि प्रत्येक हप्पला ती थांबून त्याच्या ओठांचा रंग बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली. "श्वास घे बाळा," म्हटलं की गोटू नेमका श्वास रोखून नळीकडे बघत बसायचा.

"कसलं बटण होतं?"

"तुमच्या कोटाला आहे ना, असंच."

बाईंनी मान खाली घालून आपलंच बटण चाचपलं. "हे प्लास्टिक. म्हणजे एक्स-रेच्या फोटोत दिसायचं नाही. गिळताना पाहिलं कुणी?"

"हिनं पाहिलं."

बाई वाकल्या. "तू पाहिलंस, बेटा?"

खारूनं आईकडे बघितलं. आईच्या तोंडाकडे नाही, हाताकडे. मग मान हलवली.

"हे बघा, आत्ता छाती दोन्ही बाजूंना साफ आहे. पोटात गेलं असेल तर आपोआप बाहेर पडेल. पण कधीकधी श्वासाच्या वाटेत कडेला बसून राहतं आणि मग सरकतं. शिट्टीसारखा आवाज आला, श्वास ओढायला लागला, ओठ निळे वाटले, तर माझ्याकडे येऊ नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा. आज त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही." बाई हात धुवायला वळल्या. "आणि लक्ष ठेवत जा हो लेकरांवर. कुठे असतं तुमचं लक्ष?"

बाहेर पायरीवर उभं राहून तिनं नवऱ्याला फोन लावला. तो छापखान्यात कामाला होता. फोनमध्ये आधी यंत्राची धडधडच ऐकू आली, मग तो.

"काय गिळलं? मोठ्यानं बोल. बटण? अगं, पण तू काय करत होतीस? लक्ष कुठे होतं तुझं?"

तिनं गोटूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तो यंत्रापासून लांब गेला असावा, आवाज एकदम जवळ आला, बारीक झाला. "ऐक. रडू नकोस. साहेबांना सांगून निघतो. काही वाटलं तर वाट बघू नकोस माझी. रिक्षा कर आणि जा. ऐकतेस ना?"

"मी रडत नाहीये."

"मग मी रडतोय समज," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर गोटू पेंगायला लागला. झोपला तरी भीती, जागा राहिला तरी भीती. तिनं त्याला मशीनशेजारी चटईवर घातलं आणि सकाळी म्हणत होती तेच पुन्हा म्हणायला घेतलं. ही ओळ तिला कुणी शिकवली नव्हती. खारू तान्ही असताना मशीनच्या तालावर ती आपोआप जुळली होती.

*सुई निजली डबीत, दोरा निजला रिळात,*
*कात्रीनं मिटले पाय, नीज येऊ दे डोळ्यांत.*

सकाळी हाच गोटू किरकिर करत होता. तेव्हा एका पायानं त्याला थोपटत, हे गुणगुणत तिनं कोटांमागून कोट हातावेगळे केले होते. हात आपले आपले चालत होते. आता त्याच ओळी म्हणताना तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते. गोटू झोपला. तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला. आत एवढीशी धावपळ चालली होती, चिमण्या पत्र्यावर नाचाव्यात तशी. कुठे शिट्टी वाजली आणि ती ताडकन उठून बसली. शेजारचा कुकर होता.

खारू दाराच्या चौकटीत उभी होती. "मी बघू का त्याच्याकडे?"

"तू नको," ती म्हणाली. "तू लांब राहा."

खारू गेली. मागच्या खोलीत बराच वेळ काही खुडखुड चालली होती. एरवी तिनं हाक मारून विचारलं असतं. आज सगळा कान त्या एका छातीला लागलेला होता.

साडेपाचला तिला कोटांची आठवण झाली. करायचं तर होतंच, आणि हाताला काम नसलं की भीतीला सगळं घर मोकळं सापडत होतं. चटईशेजारीच टेबल ओढून तिनं इस्त्री तापवली. एक डोळा कापडावर, एक चटईवर. पोराची छाती वर गेली की इस्त्री पुढे, खाली आली की मागे. पहिला कोट झाला, दुसरा झाला. तिसरा उलटा करून तिनं डाव्या शिवणीवरून इस्त्री नेली.

टक्.

इस्त्री कशावर तरी अडली होती. तिनं हात फिरवला. खाली दुमडीजवळ, आतल्या बाजूला, पांढऱ्या कापडावर पांढरं बटण. चार फेऱ्या, दोन गाठी, दोरा जवळून कापलेला. टाका तिचाच होता.

नऊ वर्षं ती प्रत्येक कपड्याच्या आत, डाव्या शिवणीला, एक जादा बटण टाचत आली होती. कुठे तुटलं, हरवलं, तर गिऱ्हाइकाला शोधत फिरायला नको. या खेपेला जादा बटण द्यायचं नाही, हे डोक्याला ठाऊक होतं. हातांना कुणी सांगितलंच नव्हतं. पोराची किरकिर, गुणगुणणं, आणि हातांनी आपला नेम पाळला होता. एकाच कोटावर, एकदाच.

तिनं इस्त्री उभी केली आणि टेबलाला धरून खाली बसली. गोटू झोपेत ओठ चोखत होता. त्याच्या छातीत काही नव्हतं. पोटात नव्हतं. दोरा होता थोडासा.

"खारू!" तिचा आवाज फुटला. "खारूताई, इकडे ये गं!"

खारू आली. एका मुठीत फ्रॉकचा गळा घट्ट आवळून धरलेला. फ्रॉक पुढून उघडा, आणि बटणांच्या जागी तुटक्या दोऱ्यांचे तुरे.

"हे काय केलंस?"

"कापली." खारूनं दुसऱ्या हातातली दोरे तोडायची छोटी कात्री पुढे केली. "माझी सगळी. बाबांच्या दोन शर्टांची. आणि उशीच्या अभ्र्यांची. मोरीच्या जाळीतून खाली टाकली. पाणी पण ओतलं." तिनं कात्री आईच्या मांडीवर ठेवली. "आता घरात एकही नाही. आता तो काही खाणार नाही. तू झोप."

मग कोटाची ती शिवण तिनं पुढे धरली. "हे बघ. गोटूनं खाल्लं नाही. मीच लावलं होतं इथे. माझ्याच हातून. मी विसरले."

खारूनं वाकून बटणाला बोट लावून बघितलं.

"मी आधी खरं सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "मग मला वाटलं, मीच नीट बघितलं नसेल."

"तू बघितलं होतंस. नीट बघितलं होतंस. माझं चुकलं, बाळा."

आणि तिनं लेकीच्या गालाकडे हात नेला, कुरवाळायला. हात वर येताना दिसला तसे खारूनं डोळे गच्च मिटले. खांदे वर घेतले. श्वास रोखून उभी राहिली.

हात अधांतरी थांबला. तिनं तो हळूहळू खाली घेतला, अंगावर आलेल्या पाखराला उडवू नये तसा. त्याच हातात कात्री घेतली, कोटाच्या शिवणीतलं बटण उसवलं, सुईत दोरा घातला आणि लेकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"हनुवटी वर कर."

"बाबांच्या शर्टांचं काय गं?" मिटल्या डोळ्यांनीच खारूनं विचारलं. "ओरडतील?"

"नाही. बाबांना सांगू, आजपासून उघडेच फिरा."

खारूच्या ओठांवरून ते मोठे दोन दात किंचित डोकावले आणि परत आत गेले.

दारात सायकलची घंटी वाजली. दुकानाचा माणूस एक पाय उंबऱ्यात ठेवून आत डोकावला. "झालं का, वहिनी? मालक खोळंबलेत तिकडे."

"चार कोटांची इस्त्री राहिलीये. थांबा जरा."

"आणि या सहाव्याला एक कमी दिसतंय. हरवलं ना? म्हटलं होतं मी, वर नाही म्हणून."

"हरवलं नाही," ती वळून न बघता म्हणाली. "लागलं. उद्या एक पाठवून द्या, लावून देईन."

तो काहीतरी बोलणार होता. त्यानं चटईवर झोपलेलं पोर बघितलं, फ्रॉक मुठीत धरलेली मुलगी बघितली, आणि उंबऱ्यातला पाय मागे घेऊन बाहेर सायकलपाशी जाऊन उभा राहिला.

चौकड्यांच्या लहानशा फ्रॉकला ते कोटाचं बटण फारच मोठं होतं. काजातून जाईना, म्हणून तिनं गळ्याच्या दोन्ही कडा एकत्र धरून वरूनच टाचलं. चार फेऱ्या, दोन गाठी. कात्री हाताशीच होती, पण ती तिनं उचलली नाही. दोरा दातांनी तोडायला ती पुढे वाकली तेव्हा तिचा गाल लेकीच्या गालाला लागला, त्याच गालाला. तो अजून गरम होता. दोरा तुटला तरी ती तशीच थांबून राहिली. कानाशी बारीक, एकसारखा श्वास चालला होता, आणि तो दिवसभरात तिनं पहिल्यांदाच ऐकला.