चार मुठी मीठ

रोज दोनशे लेकरांची खिचडी रांधणाऱ्या बाईले वीस पोरीयचं वरण जमत नाही, असं कोनी म्हनलं असतं तं म्या त्याले पळी फेकून मारली असती. पन ते झालं, अन् माह्याच हातानं झालं. मी रूपा. कामरगावच्या बाजूले आमचं गाव, तिथल्या शाळेत सोळा वर्सं झाली मी पोषण आहार शिजवते.

आमच्या शाळेतून दरसाल पोट्ट्यायचा कॅम्प जाते, धरणाच्या काठी, दोन दिवस. कायचा कॅम्प? कारंज्याहून जेवनाचे डबे येतात, पोट्टे आयते गिळतात. या साली स्नेहा मॅडम हट्टाले पेटल्या, पोरीयलेबी न्या म्हनून. मारोतराव हेडसर म्हनले, पोरीयसाठी डब्याचे पैसे उरले नाहीत, त्या तिथं खातीन काय? मी भांडे घासून राह्यली होती. कोनी इचारलं नसतानी म्हनून बसली, सोता रांधतीन अन् खातीन. सर हासले. म्हनले, मी पयल्याच दिवशी एक वाजता जेवाले येतो, पोरी उपाशी दिसल्या तं हा पयला अन् शेवटचा कॅम्प. हात दाखवून अवलक्षण म्हंतात ते हेच.

गाडीत पोरीयनं काय कल्ला केला म्हनता! गाणे, टाळ्या, खिडकीतून हात बाहीर, मॅडमचं कोनी आयकेना. अन् खोटं कायले बोलू, मीबी त्यायच्यासंग टाळ्या पिटून राह्यली होती. चाळीस वर्साची झाली, पन रांधाले घराबाहीर अशी कधी गेलीच नव्हती. फक्त तांड्यावरची रंजीता चूप होती. आठवीतली पोरगी, तिचे मायबाप ऊसतोडीले गेलेले, या साली पयल्यांदा तिले आजीपाशी ठेवलेलं. तिनं वाटेत तीनदा इचारलं, मावशी, पुढच्या सालीबी कॅम्प हाय ना? मी खेकसली, आधी या सालचं तं जेव.

बेत एकदम सोपा होता. तुरीचं वरण, गोवऱ्याच्या इस्तवात भाजलेले कणकीचे रोडगे, अन् त्याच इस्तवात वांगे भाजून भरीत. ना पोळपाट, ना तवा. पोरीयनं दगडं मांडून चुली केल्या, गोवऱ्या रचल्या. गंजात, म्हंजे मोठ्या पातेल्यात, दीड किलो डाळ चढवली. अकरा वाजता डाळ अशी घोटून आली की मीच खूस झाली.

तेवढ्यात पोरीयतल्या पौर्णिमानं चुलीत ओलं लाकूड घातलं. धूर डोयात गेला, मी तिले झापाले लागली, अन् तोंड तिच्याकडं, हात मिठाच्या पुडीत. सोळा वर्साची सवय. हात आपला चालला, एक मूठ, दोन मुठी, तीन, चार. पुडी रिकामी झाली तवा शुद्धीवर आली. कणकीसाठीबी तेच मीठ होतं.

चाखलं अन् तोंडचं पानी पळालं. खारट म्हंजे खारट, जिभीवर ठेववत नव्हतं. डाळ दुसरी नाही, जवळ दुकान नाही, अन् सर एक वाजता दारात. मी दगडावर बसली. मले रडू आलं, लपवलंबी नाही. वीस पोरी गंजाभवती गोळा झाल्या. मॅडम म्हनल्या, फेकून देऊ, कोरे रोडगे खाऊ. कोरे अन् बिनमिठाचे. सर काय म्हनतीन ते मले आताच आयकू येऊन राह्यलं होतं.

रंजीता पुढं झाली. "फेकू नका, मावशी. पानी वाढवा अन् हे अळणी कणीक त्यातच सोडा. कणीक मीठ वढून घेते."

म्या इचारलं, तुले कोनं सांगतलं? तं म्हने, तोडीवर माय तापानं पडली होती, तवा वरनात मीठ दोनदा पडलं. फेकाले दुसरी डाळ नव्हती.

मंग काय इचारता! रोडग्याचा बेत गेला चुलीत, अन् आमी चकोल्याले, म्हंजे वरणफळाले लागलो. परातीच्या पाठीवर बाटलीनं पोळ्या लाटल्या. पौर्णिमानं कंपास पेटीतली पट्टी धुवून घेतली अन् पोळ्या कापल्या, शंकरपाळ्यावानी. रंजीता गंजापाशी उभी राहून एकेक तुकडा सोडे अन् हुकूम देई, पानी आना, जाळ कमी करा, कोनी ढवळू नका. मलेबी दिला. सोळा वर्सात मले कोनी हुकूम दिला नव्हता, पन म्या मुकाट्यानं पानी आनलं. वरून लसणाची अन् लाल मिरचीची फोडनी पडली, अन् साऱ्या काठावर वास सुटला.

पावणेएकला म्या चाखलं. मीठ नेमकं! मी अशी वरडली की काठावरचे बगळे उडाले, अन् पोरी नाचाले लागल्या.

सरांची फटफटी आली तवा पोरी दुसऱ्यांदा वाढून घेऊन राह्यल्या होत्या. सर बसले, वाटी खाली केली, मंग दुसरी. तिसरी मांगितली अन् म्हनले, रूपाबाई, बेत तं रोडग्याचा होता ना? दडपून नेता आलं असतं. पन म्या सारं सांगून टाकलं, चार मुठी म्या टाकल्या, अन् निस्तरलं या पोरीनं.

सरांनी रंजीताकडं पाह्यलं. म्हनले, पुढच्या सालीबी पोरीयचा कॅम्प जाईन, अन् रांधाची जबाबदारी तुह्यी.

तिनं घास तसाच ताटात ठेवला. "खरंच ना, सर? हे माह्या बापाले तुमी सोता सांगा. पुढच्या साली मले तोडीले नेऊ नको म्हना. इथं शाळेत माह्यं काम हाय म्हना."

सरांनी खिशातून मोबाईल काढला, म्हनले, नंबर सांग.