सूनबाईंची चौकशी चालू आहे

सुकदेवराव बोरसेंच्या खानदानात रजा कुणी कधी मागितलीच नव्हती. लोक दांडी मारत. आजारी पडत. एका चुलतभावाने तर सासूला दोनदा मारून सुट्ट्या उपभोगल्या होत्या, आणि ती बाई अजून धुळ्यात भाकऱ्या थापते आहे. त्यामुळे त्यांच्या सुनेने, हर्षदाने, खरं कारण लिहून सहा महिन्यांची भरपगारी रजा मागितली, तेव्हा या घराण्यात क्रांतीच झाली. फक्त ती घरात कुणाला सांगायची राहून गेली.

हर्षदा सुरतच्या एका विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायची. घरात चांगलं डायनिंग टेबल असताना सुरतेतली कुटुंबंच्या कुटुंबं रविवारी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला चटई टाकून का जेवतात, यावर तिला पुस्तक लिहायचं होतं. काही वर्षं ती दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या चटईवर बसून आली होती. माहिती ढीगभर जमली होती, वजनही वाढलं होतं. राहिलं होतं ते लिहिणं. पुण्याच्या प्रकाशक बाईंनी निक्षून सांगितलं होतं, "दिवाळीच्या आत द्या. नाहीतर त्या जागी मी लोणच्यांचं पुस्तक काढते." आणि हर्षदाचा सगळा दिवस तास घेण्यात, पेपर तपासण्यात आणि कुठल्या तरी समितीच्या फायलींना भोकं पाडण्यात जायचा. लोणच्यांचं पुस्तक जवळजवळ नक्की होतं.

'व्यावसायिक विकास रजा' नावाची सोय विद्यापीठात आहे, हे तिला कळलं ते याच फायलींना भोकं पाडताना. अर्जात दोनच प्रश्न होते. तुमच्या अनुपस्थितीत विभागाचं काही अडेल का? अडत असेल तर रजा नाही. तुमची विभागाला गरज आहे का? नसेल तर मग रजा कशाला, राजीनामाच द्या. हर्षदाने दोन्हींखाली 'होय आणि नाही' असं लिहिलं. समितीला ते इतकं विद्वत्तापूर्ण वाटलं की अर्ज मंजूर झाला.

रजिस्ट्रार वशीसाहेब मात्र खट्टू होते.

"बेन, बधा लोक या रजेत कॅनडाला जातात. तुम्ही कुठे चालल्या?"

"पर्वत पाटिया."

"ए तो तुमचं घर छे ने?"

"हो. तिथेच लिहिणार."

"घरी बसून विकास?" वशीसाहेबांनी चष्मा काढला. "चालो. सोमवारी कुलगुरूंची सही. मग जा, विकास करा."

रविवारी रात्री शेवभाजी वाढता वाढता हर्षदाने घरात सांगून टाकलं, "बाबा, मंगळवारपासून सहा महिने मी कॉलेजला जाणार नाही. पगार चालू राहील."

सुकदेवरावांचा घास हातातच राहिला. आयुष्यभर सिंचन खात्यात त्यांनी कारकुनी केली होती. घरी बसून पगार मिळण्याचे दोनच प्रकार त्यांना ठाऊक होते: पेन्शन आणि सस्पेन्शन. सून पेन्शनच्या वयाची नव्हती.

आता खात्याची एक रीत होती. कुणी निलंबित झालं की त्याला कारण विचारायचं नाही. ते असभ्य. त्याच्या घरी डबा पाठवायचा, आणि त्याच्या नकळत चार वडीलधाऱ्यांनी जाऊन साहेबाची समजूत काढायची. सुकदेवरावांनी सुनेच्या ताटात आणखी शेव घातली आणि म्हणाले, "जेव माय. पोटभर जेव."

हर्षदाला वाटलं, सासऱ्यांना आनंद झाला. नवरा विकास बँकेच्या ऑडिटमध्ये बुडालेला होता. तो म्हणाला, "छान छान," आणि ताटातली मिरची बाजूला काढली.

सोमवारी सकाळी शेजारच्या कमलकाकू झणझणीत फौजदारी आमटीचा डबा घेऊन दारात हजर.

"घाबरू नकोस गं. माझ्या भावाचंही झालं होतं."

"त्यांनाही मिळाली? कुठे होते?"

"तलाठी होता. आठ महिने घरी. पण नंतर काय तब्येत सुधारली त्याची!"

तलाठ्यांनाही ही रजा मिळते हे हर्षदाला नवीन होतं. हे प्रस्तावनेत टाकावं का, असा विचार करत तिने डबा घेतला. तेवढ्यात वशीसाहेबांचा फोन.

"बेन, जल्दी या. तुमचे ससराजी कुलगुरूंच्या केबिनमध्ये छे. सोबत भजनी मंडळ छे."

रिक्षाने ती पोहोचली तोवर सगळं आटोपलं होतं. केबिनबाहेर सुकदेवराव सफारी सूटमध्ये उभे होते, मागे त्यांच्या भजनी मंडळाचे तिघं, एकाच्या गळ्यात चक्क मृदंग. चौघांचे चेहरे लग्न जमवून आल्यासारखे.

"झालं काम!" सुकदेवराव म्हणाले. "उद्यापासून कॉलेजला जायचं. मी सांगितलं साहेबांना, मनी सून शे ती. पोर आहे, चुकली असेल. पदरात घ्या. साहेब भला माणूस. लगेच म्हणाले, घेतलं!"

कुलगुरू नवे होते. हर्षदा कोण हे त्यांना माहीत नव्हतं, पण मृदंग घेऊन आलेलं शिष्टमंडळ म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी जागेवर आदेश काढला: डॉ. हर्षदा बोरसे यांना पुन्हा सेवेत रुजू करून घेण्यात येत आहे. समोरच्या रजेच्या फायलीवर काट मारली. वर चौघांना चहा पाजला.

हर्षदा बाकावर बसली. "बाबा, मला कुणी काढलं नव्हतं. मी रजा मागितली होती. पुस्तक लिहायला."

"मागितली होतीस? घरी बसायला?"

"हो."

"पगारासकट?"

"हो."

"आणि ते देत होते?"

"आज सही होती."

सुकदेवरावांनी सफारीचं वरचं बटण सोडलं. मग मृदंगवाल्याकडे वळून म्हणाले, "नाना, ते गळ्यातलं काढा आधी."

वशीसाहेबांनी हात वर केले. "बेन, एकदा काट मारली की बे वर्ष अर्ज नाही. नियम छे. शुं करूं?"

दोन वर्षांनी प्रकाशक बाईंच्या लोणच्यांच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती आली असती. हर्षदाने आदेशाचा कागद हातात घेतला. रोज रात्री जेवताना सासऱ्यांच्या खात्यातल्या कथा ऐकत तिची इतकी वर्षं गेली होती. त्या कथांमध्ये माणूस कधी नसायचाच, फक्त ऑडिट असायचं. तिने हळूच विचारलं, "साहेब, मला परत घेतलं म्हणता. मग काढलं कधी?"

"एटले?"

"निलंबनाचा आदेश कुठे आहे? तो नसताना परत घेतलं, तर ऑडिटवाले विचारणार नाहीत?"

वशीसाहेबांनी कागद सुलटा वाचला, मग उलटा धरला. कपाटात शोधलं, टेबलाखाली पाहिलं. मग ते घामाघूम होऊन खुर्चीत बसले. कुलगुरूंचा आदेश चुकीचा म्हणता येत नव्हता, आणि बरोबर म्हणायचा तर बाई आधी काढलेल्या हव्या होत्या.

"निलंबित करा मग," हर्षदा म्हणाली.

"पण कशासाठी? आरोप तो जोईए ने?"

"तो चौकशीत निघेल."

हे वशीसाहेबांना एकदम पटलं. विद्यापीठात आजवर सगळं असंच निघालं होतं. त्यांनी चौकशी समिती नेमली. साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून चौकशी संपेपर्यंत प्राध्यापिकेने आवारात पाऊल टाकायचं नाही. आरोप अजून ठरला नसल्याने पगार पूर्ण. आणि परत घेण्याचा आदेश चौकशी संपल्यावर लागू.

"अध्यक्ष कोण?" हर्षदाने विचारलं.

"सीनियर माणूस जोईए. डॉ. जयंत उपासनी." वशीसाहेबांनी लिहिलं आणि त्यांचं पेन थांबलं. "पण ए तो कॅनडात छे. विकास करायला. नवरात्रात येशे."

"मी थांबेन," हर्षदा म्हणाली.

सोसायटीत आता बातमी अधिकृत झाली, आणि तिचा लिहिण्याला अतोनात फायदा झाला. रजेवर असलेल्या बाईला लोक गॅस बुक करायला सांगतात, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला लावतात, हळदीकुंकवाला ओढतात. निलंबित बाईला कुणी काही सांगत नाही. फक्त डबे येत राहतात. वांग्याचं भरीत आलं, कळण्याची भाकरी आली, समोरच्या गुजराती काकींकडून लोचो आला. प्रायश्चित्त म्हणून सुकदेवराव रोज सकाळी अंघोळ करून दाराशी खुर्ची टाकून बसू लागले. कुणी आलं की बोट ओठांवर. "आत जायचं नाही. चौकशी चालू आहे."

"पण काय केलं काय त्यांनी?" एका नवख्या भाडेकरूने विचारलं.

"असं विचारत नसतात," सुकदेवराव म्हणाले, आणि त्याच्याकडूनही डब्याची अपेक्षा आहे असं सुचवलं.

आत पानांवर पानं होत गेली. गरबे सुरू झाले तेव्हा शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं.

आणि फोन वाजला. हर्षदाच्या हातात पेन होतं, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"बेन, अभिनंदन!" वशीसाहेब आनंदाने ओरडत होते. "उपासनीसाहेब आले. कालच समिती बसली. तुमच्याविरुद्ध काहीच निघालं नाही. सोमवारी हजर व्हा!"

हर्षदाने कागदांकडे पाहिलं, मग दाराकडे. सुकदेवराव खुर्चीतून उठून आत आले होते.

"किती राहिलंय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"एक प्रकरण. दोन-तीन आठवडे."

सुकदेवरावांनी सदऱ्याची बटणं लावली, घसा साफ केला आणि फोन उचलला.

"साहेब, मी तिचा सासरा बोलतोय. ही कसली चौकशी? माझी साक्ष कुठे झाली?" ते खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "लिहून घ्या. आणि घाई करू नका, मला या सुनेबद्दल पुष्कळ बोलायचंय."